बाळ परत मिळाल्याची सही

१

सत्याचा शोध हे विद्यापीठाचं पहिलं आणि अखेरचं कर्तव्य आहे, असं मुख्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेलं आहे. हरवलेल्या वस्तूंचा शोध मात्र जिन्याखालच्या खोलीत घेतला जातो, आणि त्याचं शुल्क विद्यार्थ्यांकडून वेगळं आकारलं जातं.

त्या शुल्काचं नाव सुविधा शुल्क. दवाखाना, व्यायामशाळा, पुस्तकबांधणी, पाळणाघर, हरवले-सापडले कक्ष अशा एकूण अकरा गोष्टी त्यावर चालतात. विद्यार्थी त्या वापरो न वापरो, भरतो सगळ्यांचे. न वापरणाऱ्याच्या जिवावर वापरणाऱ्याचं भागतं. या तत्त्वावर घरंच्या घरं चालतात, मग विद्यापीठाने काय घोडं मारलंय?

जिन्याखाली बसणाऱ्या बाईंना सगळे छत्रीबाई म्हणत, कारण सापडलेल्या दहा वस्तूंतल्या सात छत्र्या असत. बावीस वर्षांत छत्रीची मूठ पाहून मालक ओळखण्याइतकी त्यांची नजर तयार झाली होती. "डावखुरा आहे, उंच आहे, आणि दुसऱ्याची छत्री नेणाऱ्यांपैकी आहे," असं त्या सांगत, आणि तासाभरात तसाच एक प्राध्यापक ओशाळत हजर होई.

कक्षाचा नियम साधा होता. वस्तू आली की नोंदवहीत चढवायची, तीस दिवस न उघडता ठेवायची, मग दोन साक्षीदारांसमोर उघडायची. सध्या सर्वांत मोठी बेवारस वस्तू म्हणजे गोणपाटात शिवलेला एक जड गठ्ठा. कोणीतरी तो दारात टाकून गेलं होतं आणि त्याचं लेबल फाटलेलं होतं. छत्रीबाईंचं टेबल जरा उंच होतं, गठ्ठा नेमक्या उंचीचा होता. त्या त्यावर पाय ठेवून बसत.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्या तशाच बसल्या असताना पाळणाघराच्या मावशी धापा टाकत आल्या.

"बाई, गेली!"

"कोण गेली?"

"वही! पोरांची वही!"

छत्रीबाईंनी पाय खाली घेतले.

प्रकरण गंभीर होतं. गेल्या सोमवारी कार्यालयातून परिपत्रक आलं होतं. वर्षाला पाचशेपेक्षा कमी वापर झालेली सुविधा बंद होणार. प्रत्येकाने पुढच्या सोमवारी अकराला आपली मूळ नोंदवही समितीपुढे ठेवायची. वही नाही तर सुविधा नाही. पाळणाघरात रोज बारा मुलं येत. पाचशेचा आकडा तर दिवाळं निघालेल्या वर्षातही सहज पार झाला असता. पण तो वहीत होता, आणि वही नव्हती.

मावशींच्या मागे छत्रीबाईंची भाची उभी होती. भावाची मुलगी. संख्याशास्त्रात पीएचडी करत होती, प्रबंधाचे शेवटचे सहा महिने उरले होते, नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, आणि कडेवर दीड वर्षाचं पिल्लू. ते आईचं ओळखपत्र चावत होतं.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "पाळणाघर बंद झालं तर मी सोमवारी बॅग भरते. पिल्लाला कडेवर घेऊन प्रबंध होत नाही. करून बघितलाय. एक प्रकरण त्याने खाल्लंय."

२

पाळणाघर तळमजल्यावरच्या लांब खोलीत होतं. बारा गाद्या, एक खेळण्यांची पेटी, खिडकीखाली टेबल. वही टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेली असे, कारण मुलं ती पळवत आणि तिचे काठ चावत.

वही मुळात वाचनालयासाठी छापलेली होती. नाव, येण्याची वेळ, प्रयोजन, असे तीन रकाने. प्रयोजनात मावशी नेमाने 'झोपणे' असं लिहीत. मूल परत दिल्याचा रकाना नव्हता. वाचनालयात आलेला माणूस परत कोणाच्या ताब्यात द्यावा लागत नाही. म्हणून मावशींनी उजव्या समासात, अगदी काठाला, स्वतः एक रकाना आखला होता: 'बाळ परत मिळाले, सही.'

"शेवटची कधी पाहिलीत?"

"काल पाचला. हिच्याच सहीने बंद केली. सकाळी सातला सफाईवाली खोल्या उघडते, मी नऊला येते. आले तर टेबल असं, उघडंबोडकं!"

छत्रीबाई टेबलाशी वाकल्या. सुतळी कापलेली नव्हती. गाठ सोडवलेली होती, आणि सोडवलेली सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून लाकडी बदकाखाली ठेवलेली होती.

"तुम्ही गुंडाळलीत?"

"मला कुठली सवड! बारा पोरं आहेत."

"मग चोराला बरीच सवड होती. आणि वळणही चांगलं होतं."

टेबलावर बिस्किटांचा चुरा पडला होता, त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. रांग खिडकीपासून सरळ येत होती, आणि मधेच एका रुपयाएवढ्या वाळलेल्या निळसर डागाला वळसा घालून पुढे जात होती. छत्रीबाईंनी डागावर बिस्किटाचा कण टाकून पाहिला. मुंग्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. घरातल्या नावडत्या पाहुण्याला टाळावं तसा त्यांनी तो टाळला.

"काल पोरांना खाऊ काय होता?"

"गुरुवारी केळी असतात."

"मग हा बिस्किटांचा चुरा कुठला?"

मावशींनी फडताळातला डबा काढला, झाकण उघडलं आणि मटकन खाली बसल्या. डबा अर्धा रिकामा होता.

"अगं बाई! वही नेली ती नेली, मेल्याने बसून खाल्लंसुद्धा!"

३

पहिला संशय पैलवानावर गेला. व्यायामशाळेचा हा शिक्षक गुरुवारी हातात फीत घेऊन पाळणाघर मोजताना दिसला होता. त्याच्याकडे गाद्या निळ्या, लावायचं मलम निळं, आणि मनात एक इच्छा होती.

"बाई, धावण्याचं यंत्र येणार आहे. ठेवायला जागा नाही. त्या खोलीत बसेल का म्हणून बघितलं. मोजणं हा गुन्हा आहे का?"

"मोजलंत केव्हा?"

"चार वाजता, मावशींच्या देखत. त्यांनी मला एक मूल धरायला दिलं आणि अर्धा तास परत घेतलंच नाही. मोजायचं राहूनच गेलं."

"तुमची स्वतःची नोंदवही तयार आहे ना?"

पैलवानाने कपाट उघडलं. कपाटात वही नव्हती. तो क्षणभर बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा भाव आला.

"अरेरे," तो म्हणाला. "गेली वाटतं."

"शोधत नाही?"

"नको. जे गेलं ते गेलं. शरीर काय, वही काय."

चोरी झालेला माणूस इतका हलका झालेला छत्रीबाईंनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी ते मनात नोंदवलं.

दुसरा संशयित विद्यार्थी प्रतिनिधी. कुठल्याही विषयावर ठराव मांडायची सवय असल्याने त्याला सगळे ठराव म्हणत. सुविधा शुल्क कमी करा, अशी त्याची मोहीम होती, आणि तिची निळ्या शाईतली पत्रकं तो जिन्यात वाटत होता.

"माझा प्रश्न तात्त्विक आहे," तो म्हणाला. "ज्याला मूल नाही त्याने पाळणाघराचं शुल्क का भरावं?"

"ज्याला दंड नाहीत तो व्यायामशाळेचं भरतोच की," मावशी म्हणाल्या.

"व्यक्तिगत टीका नको."

"तात्त्विक माणसा," छत्रीबाई म्हणाल्या, "तुझ्या पिशवीवर मुंग्या चढल्यात."

ठरावाने पिशवी झटकली. झटकताना आतून बिस्किटांचा एक रिकामा पुडा बाहेर पडला. 

"काल साडेपाचला," तो म्हणाला. "मावशी कपडे वाळत घालायला मागे गेल्या होत्या. मी अकरा सुविधांचे पैसे भरतो, वापरत एकही नाही. मी माझा वाटा वसूल करत होतो."

"किती?"

"चार पुडे. तीन वर्षांचे धरले तर अजून निघतात."

"आणि वही?"

"वही तिथेच होती की, सुतळीला! तिच्यावरच पुडा ठेवून खाल्ला. शपथ."

शपथेपेक्षा चुऱ्यावर छत्रीबाईंचा विश्वास बसला. म्हणजे वही गुरुवारी संध्याकाळी जागेवर होती. गेली ती शुक्रवारी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान.

मुदत वाढवून मिळते का पाहायला त्या साहेबांकडे गेल्या. समितीचे सचिव, परिपत्रकाचे जनक. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नकार ते नेहमी चष्मा काढून देत.

"वही नाही तर सुविधा नाही. हे मी माणुसकीने सांगतोय. नियमाने सांगायचं असतं तर लेखी सांगितलं असतं."

"साहेब, पोरांच्या आयांचा विचार—"

"मला माझे व्याप कमी आहेत का? पुढच्या वर्षाच्या प्रवेशपुस्तिका छापखान्यातून अजून आल्या नाहीत. तिथला माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, पोचवल्या. कुठे पोचवल्या? आकाशात?"

"हरवल्याची नोंद करून ठेवू?" छत्रीबाईंनी सवयीने विचारलं.

"विद्यापीठाची वस्तू हरवत नसते, बाई. विलंबित असते."

शनिवारी सकाळी नऊला छत्रीबाईंनी जिन्याखालची खोली उघडली. म्हणजे किल्ली काढली. सफाईवालीने खोली आधीच उघडून ठेवली होती. छत्र्या जागेवर होत्या. गठ्ठा जागेवर होता. टेबलावर त्यांच्या वहीला बांधलेली पेन्सिल होती, पेन्सिलीची सुतळी होती, आठच्या आकड्यात छान गुंडाळलेली.

वही नव्हती.

४

हरवलेल्या वस्तूची नोंद हरवलेल्या वस्तूंच्या वहीत करावी, असा नियम आहे. वहीच हरवली तर काय करावं, हे नियम करणाऱ्याला सुचलं नव्हतं. छत्रीबाईंनी एका छत्रीच्या दांड्याला चिठ्ठी बांधून तात्पुरती नोंद केली.

भाची पिल्लाला मावशींकडे सोडून आली, तेव्हा आत्या गठ्ठ्यावर पाय ठेवून चहा पीत बसलेल्या होत्या. चहा गार झाला होता.

"बावीस वर्षांत माझी एकही वस्तू हरवली नव्हती गं. लोकांत तोंड कसं दाखवू?"

"आधी कागद दे," भाची म्हणाली. "रडारड नंतर. काय गेलं ते सगळे बघतायत. काय नाही गेलं तेही मांडू."

तिने दोन रांगा केल्या. गेलेल्या वह्या: पाळणाघर, व्यायामशाळा, हरवले-सापडले. न गेलेल्या: दवाखाना आणि वादविवाद मंडळ.

"दवाखान्याची तर खिडकीत उघडी पडलेली असते," छत्रीबाई म्हणाल्या. "मीच चोर असते तर आधी ती उचलली असती. ती का सोडली?"

"ती गेल्या महिन्यातली आहे. नवी कोरी. आणि वादविवाद मंडळाची दहा वर्षांची आहे, पण उघडतंय कोण? तीही नवीच."

"आणि माझी?"

"आत्या, तुझ्या वहीला पाठ होती का? पानं नुसती माणुसकीवर टिकली होती."

छत्रीबाईंनी पेला खाली ठेवला.

"पोरांनी चावलेली एक. पैलवानाच्या घामाने भिजलेली एक. माझी एक. म्हणजे चोराला फाटक्या वह्या लागतात." त्या उठून उभ्या राहिल्या. "दुष्टावा असता तर त्याने फाटकी-धडकी बघितली नसती. आणि त्याला सुतळी कापवत नाही. आयुष्यभर दोरा वाचवलेला हात आहे तो. सकाळी सातला येतो, जेव्हा यायचं कोणालाच कारण नाही. आणि त्याच्या बोटाला काहीतरी निळं, चिकट लागलेलं असतं, जे मुंग्या खात नाहीत."

"मुंग्या काय खात नाहीत?"

"मोरचूद! लहानपणी पुस्तकांना कव्हरं घालायचो तेव्हा आई खळीत मोरचूद टाकायची. नुसती पिठाची खळ असली की किडे, मुंग्या पुस्तक फस्त करतात. मोरचुदाने खळ निळी होते आणि वाटेला कोणी जात नाही." छत्रीबाईंनी पदर खोचला. "चल. माणूस अतिशय सज्जन आहे. मला म्हणूनच भीती वाटते."

५

पुस्तकबांधणीची खोली पाळणाघरापासून पंधरा पावलांवर होती. तिथे बसणारे बाइंडर गेली अडतीस वर्षं सातच्या ठोक्याला येत. पूर्वी प्रबंधांचे ढीग लागत, सातला येऊनही वेळ कमी पडे. आता प्रबंध संगणकावरून जातात. सातला येण्याची सवय तेवढी राहिली. त्यांना सगळे खळकाका म्हणत.

"या, या," खळकाका म्हणाले. "चपला राहू द्या. बघताय ना, कामाचा किती पसारा झालाय."

आणि खरोखरच पसारा होता. भिंतीशी लोखंडी शिकंजा करकचून आवळलेला, त्यात लाल कापडी पुठ्ठ्यांच्या सात वह्या एकीवर एक. सगळ्यांत वरच्या पाठीवर सोनेरी अक्षरं: पाळणाघर.

भाची स्टुलावर बसली. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"काका," छत्रीबाई म्हणाल्या, "तुम्ही नेल्यात?"

"मग कोण नेणार? परिपत्रक वाचलं नाहीत का?" त्यांनी खिशातून घडी काढली आणि अगदी खालच्या, बारीक टाइपातल्या ओळीवर निळं बोट ठेवलं. "'सर्व नोंदवह्या सुस्थितीत सादर कराव्यात.' सहा वर्षांत वरून मला आलेलं हे पहिलं काम. मी म्हटलं, कोणी सांगायला यायची वाट कशाला बघा! जी वही बरी नाही ती उचलून आणली."

प्रत्येक परिपत्रकाखाली ती ओळ असे. ती शेवटपर्यंत वाचणारा आणि खरी मानणारा माणूस विद्यापीठात एकच होता, आणि तो त्यांच्यासमोर एप्रन बांधून उभा होता.

"अहो, पण सांगायचं तरी! मावशींच्या जिवाला घोर लागला दोन दिवस."

"सांगितलं की. प्रत्येकाच्या नावे पावती केली आणि टपालात टाकली."

अंतर्गत टपाल इथून मुख्य इमारतीत जातं, तिथे शिक्का लागतो, मग चाळणी होते, मग परत येतं. पंधरा पावलांच्या प्रवासाला त्याला आठ दिवस लागतात.

"हातात दिली असतीत तर?"

"हातात दिलेल्या कागदाला पावती म्हणत नाहीत, बाई. चिठ्ठी म्हणतात."

बाकीच्या चार वह्यांची चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या चार खात्यांना वही गेल्याचा अजून पत्ताच नव्हता.

खळकाकांचीही स्वतःची नोंदवही होती. भाचीने ती सहज उघडली. यंदाच्या नोंदी चार. खाली ताज्या शाईत सात. एकूण अकरा.

"काका, पाचशे लागतात," ती हळू आवाजात म्हणाली.

"ठाऊक आहे गं. चारावर बंद व्हायचं ते अकरावर होईल. पण शेवटचं पान तरी रिकामं दिसणार नाही." ते शिकंज्याकडे वळले. "सोमवारी दहाला काढून देतो. तोवर हात लावायचा नाही. आता उघडलीत तर पानं मुळापासून सुटतील."

छत्रीबाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. वही होती, चोर नव्हता, सोमवार होता. त्या दारापर्यंत पोचल्या, तेव्हा मागे भाचीचा आवाज आला.

"काका, हे काय आहे?"

कागद कापायच्या यंत्राखाली लांबलचक पट्ट्यांचा ढीग पडला होता.

"काठ कापले. पोरांनी चावून पार लगदा केला होता. बोटभरच काढलंय. नुसता समास."

भाचीने एक पट्टी उचलून उजेडात धरली. पट्टीवर तिची स्वतःची सही होती.

६

सोमवारी अकराला समिती बसली. साहेब मधे, दोन्ही बाजूंना दोन सदस्य, जे गेली अनेक वर्षं सहमत होते. समोर मावशी, पैलवान, ठराव, छत्रीबाई आणि पिल्लासकट भाची.

आधी व्यायामशाळेची वही उघडली गेली. पैलवानाचा चेहरा पांढरा पडला. वर्षभराच्या नऊशे सह्या, निरनिराळ्या नावांच्या, सगळ्या एकाच ठसठशीत अक्षरात होत्या. साहेबांनी पानं चाळली.

"छान. अक्षर एकसारखं आहे. मंजूर."

पैलवान खुर्चीत असा सैलावला की खुर्ची बोलली.

मग पाळणाघर. साहेबांनी लाल कापडावरून हात फिरवला, सोनेरी अक्षरांचं कौतुक केलं. मग ते वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"या वर्षी दोन हजार एकशे ऐंशी मुलं आत आली."

"हो साहेब," मावशी अभिमानाने म्हणाल्या.

"बाहेर एकही गेलं नाही."

 पिल्लाने एक ढेकर दिला.

"अहो साहेब, मग मी ती ठेवली कुठे?"

"तेच समिती विचारते आहे."

"पाळणाघर इतकं लोकप्रिय असेल याची मला कल्पना नव्हती," ठराव म्हणाला. मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि नुसतं "बिस्किटं" एवढंच म्हटलं. त्याने पिशवी पाठीमागे सरकवली.

तेवढ्यात दार वाजलं. खळकाका आले. त्यांच्या हातात पट्ट्यांची जुडी होती, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली.

"कापलेलं मी टाकत नसतो," ते म्हणाले. "काल रविवारभर बसून पानांच्या क्रमाने लावल्यात. एकशे नव्वद. माझ्या हातून काठ गेला, माझ्याच हातून परत देतो."

भाचीने पहिली पट्टी पहिल्या पानाला लावली. आखलेली आडवी रेघ रेघेला भिडली. दुसरी लावली, तिसरी लावली. प्रत्येक मुलासमोर कोणाची तरी आई सही करून उभी राहिली. शेवटच्या पट्टीवर गुरुवारची तिची स्वतःची सही होती, शेपटाला पिल्लाच्या दाताची खूण असलेली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. दोन्ही सदस्य सहमत होऊन मान हलवू लागले होते.

"थांबा," साहेब म्हणाले. "दोन-चार जुळल्या म्हणजे एकशे नव्वद जुळल्या असं होत नाही. उपसमिती नेमू. ती प्रत्येक पट्टी तपासून सहा महिन्यांत अहवाल देईल. तोवर सुविधा स्थगित. पुस्तकबांधणीच्या नोंदी अकरा. ती बंदच. बाकी सगळं मंजूर."

सहा महिने. भाचीने पिल्लाला छातीशी घेतलं आणि ती बाहेर पडली.

७

ती जिन्याखाली आली, तेव्हा आत्या आणि खळकाका तिच्या मागोमाग आले.  अशा वेळी छत्रीबाई काम काढत. त्यांनी नव्या बांधलेल्या वहीचं पान उलटलं.

"आज गठ्ठ्याला तीस दिवस झाले. दोन साक्षीदार लागतात. तुम्ही दोघं आहातच."

"आत्या, आत्ता?"

"आत्ता. उद्या एकतिसावा दिवस लागेल."

खळकाकांनी गोणपाटाची शिवण उसवली. एकही टाका न तोडता दोरा काढला आणि आठच्या आकड्यात गुंडाळून टेबलावर ठेवला. गोणपाट गळून पडलं. आत पातळ, गुळगुळीत पुस्तिका होत्या, बरोबर पाचशे.

भाचीने एक उचलली. पुढच्या वर्षाची प्रवेशपुस्तिका. तिने पानं उलटली, आणि नवव्या पानावर थांबली.

"आत्या. 'सुविधा शुल्क. यात पुढील अकरा सुविधांचा समावेश आहे.' सातवी पाळणाघर. दहावी पुस्तकबांधणी. खाली लिहिलंय, 'वर्षभरात यात बदल केला जाणार नाही.'"

छत्रीबाईंनी टेबलाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. महिनाभर त्या या उत्तरावर पाय ठेवून बसल्या होत्या.

साहेबांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी पुस्तिका घेतली, नववं पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचलं. छापखान्याला कायमची सूचना होती: बदल कळवले नाहीत तर गेल्या वर्षीचाच मजकूर छापावा. बदल कळवायचे राहिले होते, कारण बदल काय करायचे ते समिती ठरवणार होती.

"छापलं?" त्यांनी विचारलं.

"छापलं," छत्रीबाई म्हणाल्या.

"मग झालंच. छापलेलं बदलत नाही. स्थगितीही उठली." त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. उपसमितीवर कोणाला नेमायचं या विचाराने त्यांचंही डोकं दुखत असावं. "हे होतं कुठे इतके दिवस?"

"इथेच. विलंबित होतं."

भाचीने पिल्लाला वर उचललं आणि त्याच्या पोटावर तोंड घासलं. ते खिदळलं आणि त्याने साहेबांचा चष्मा ओढला. तिकडे पाळणाघरातून मावशींची हाक ऐकू आली, की कोणाचं ते गोड पाखरू असेल ते जेवायला आणा, बाकीची अकरा बसलीत.

खळकाका मात्र पुस्तिका उलटीपालटी करून बघत होते.

"एका पिनेवर आहे," ते दुःखाने म्हणाले. "दुसऱ्यांदा उघडली की पानं हातात. माझ्याकडे दिल्या असत्यात तर शिवून दिल्या असत्या."

साहेबांनी पुस्तिका दुसऱ्यांदा उघडली. नववं पान त्यांच्या हातात आलं.

"शिवा," ते म्हणाले. "सगळ्या शिवा. सुस्थितीत असायला हव्यात."

"नोंद एकच करू, की प्रत्येकीची वेगळी?"

"वेगळी," साहेबांच्या आधी छत्रीबाई म्हणाल्या.

म्हणजे पाचशे अकरा. खळकाकांनी खिशातून फडकं काढून निळी बोटं पुसली. पुसायला बराच वेळ घेतला.

नोंदवह्या नेल्याच्या पावत्या शनिवारी टपालाने आल्या. छत्रीबाईंना आता पाय ठेवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी टेबलाचे पाय दोन बोटं कापून घेतले.

पुस्तिकेच्या मागच्या पानावर छपाईची तारीख होती. ती साहेबांच्या परिपत्रकाच्या पंचवीस दिवस आधीची होती.